जुन्या सागवानी दारा-खिडक्यांचा खडखडाट आणि फटींतून येणारा वारा: काय करावे?

दौलतगंजकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. ग्वाल्हेरला लष्कर भागात, दौलतगंजाजवळ, पणजोबांच्या वेळचे आमचे दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड असलेल्या तीन सागवानी खिडक्या आणि गच्चीकडे उघडणारे एक दुपाखी दार आहे. खिडक्यांच्या पल्ल्यांत लहान-लहान काचा बसवलेल्या आहेत. जानेवारीच्या रात्री पारा चार-पाच अंशांवर उतरतो आणि वारा सुटला की चारही ठिकाणी एकाच वेळी खडखडाट सुरू होतो. आईचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि तिची खाट नेमकी याच खोलीत असल्यामुळे तिची झोप मोडते, पायांना गारठा बसतो. उन्हाळ्यात आंधी आली की याच फटींतून एवढी धूळ येते की सकाळी अंथरुणावर बोटाने नाव लिहिता येते.

मागच्या हिवाळ्यात बाजारातून फोमची चिकटपट्टी आणून सगळीकडे लावली. ती जूनपर्यंत पिवळी पडून भुगा झाली. खडखडाट तर ती नवी असतानाही फारसा थांबला नव्हता. मिस्त्रींना बोलावले, तर त्यांनी घरात पाऊल टाकल्या-टाकल्या "सब निकलवाकर एल्युमिनियम लगवा लो" असा निकाल दिला. दारे-खिडक्या काढण्याची आमची इच्छा नाही. पल्ले आपटणे, काचा किणकिणणे आणि दाराखालून वारा येणे, या तीन तक्रारींवर कोणी अनुभवी व्यक्तीने मार्ग सुचवावा, ही विनंती.

निवृत्त ओव्हरसियर

आपल्या तीन तक्रारी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आपण तिन्हींवर एकच फोम लावला, म्हणून तो निष्फळ ठरला. जो पल्ला हलतो, त्याला पट्टी लावली तर पल्ला त्या पट्टीलाच रोज रात्री हजार वेळा कुटतो. म्हणून आधी पल्ल्याची हालचाल बंद करावी आणि मगच फट बुजवावी.

पल्ला आपटतो, कारण तो बंद असतानाही चौकटीच्या खाचेचा कठडा (ज्या कडेला पल्ला टेकतो ती) आणि कडी यांच्यामध्ये त्याला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि झोत एकसारखा नसतो, त्यामुळे पल्ला एकदा आत, एकदा बाहेर असा मारला जातो. ही मोकळीक कुठून आली ते शोधण्यासाठी पल्ला बंद करून कडीजवळ तळहाताने दाबावा. आत जात असेल तर दोष कडीचा आहे. नंतर बिजागरीच्या बाजूने पल्ला वर उचलून पाहावा. उचलला गेला तर दोष बिजागरीचा आहे. (बाजारात 'बिजागरी' मागितल्यास दुकानदार आपल्याकडे पाहतच राहील, 'कब्जा' म्हणावे. तशीच कडी म्हणजे 'चटखनी' आणि पाचर म्हणजे 'फच्चर'. पन्नास वर्षे मी घरी एक आणि दुकानात दुसरी भाषा बोलत आलो आहे.)

बिजागरीचे स्क्रू सैल असतील, तर भोके मोठी झाली आहेत असे समजावे. तेच स्क्रू पुन्हा पिळून उपयोग नाही. भोकात बांबूच्या किंवा सागवानाच्या बारीक काड्या फेविकॉल लावून ठासाव्यात, एक दिवस वाळू द्यावे, कडेला समतल कापावे आणि मग जुन्यापेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू बसवावा. बिजागरीच्या मधली खीळच झिजली असेल, तर मात्र बिजागरी बदलावी. आपल्या दारासारख्या जड पाख्याला दोन बिजागऱ्या असतील, तर मध्ये तिसरी बसवावी.

कडीचा दोष सोपा आहे. कडीचा दांडा चौकटीच्या ज्या भोकात जातो, ते भोक वर्षानुवर्षे घासून लांबट होते. त्यावर भोक असलेली लोखंडी पत्ती अशी बसवावी की नवे भोक पल्ल्याला दोन मिलिमीटर आतल्या बाजूला ओढून घेईल. दाराला साखळी-कोयंडा असेल आणि साखळी ढिली असेल, तर तूर्त कोयंड्यात लाकडाची निमुळती पाचर सरकवावी. आजी लोक हेच करीत आणि ते आजही चालते.

पट्टीचा विचार त्यानंतर. खाचेच्या कठड्यावर सगळीकडे खडू घासून पल्ला बंद करावा आणि उघडून पाहावे. जिथे पल्ल्याला खडू लागला नाही, तिथे फट आहे. फटीची जाडी मोजण्यासाठी घट्ट कणकेचे छोटे गोळे पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तीन-चार जागी ठेवावेत, पल्ला बंद करावा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजपट्टीने मोजावी. त्या जाडीपेक्षा थोडी जाड, पण दाबल्यावर सुमारे अर्धी होईल अशी रबरी पट्टी घ्यावी. फोम घेऊ नये. ईपीडीएम रबराची पोकळ 'डी' किंवा 'पी' आकाराची पट्टी मिळते. ती आपल्याकडचे ऊन फोमपेक्षा पुष्कळ वर्षे सोसते. लावण्याआधी लाकूड कोरडे व धूळविरहित करावे, स्पिरिटने पुसावे आणि थंडीच्या ऐन रात्री न लावता दुपारी लावावी, म्हणजे चिकट नीट धरते.

आता फटी मुळात आल्या कशा, तेही सांगतो. लाकूड आडव्या दिशेने, म्हणजे तंतूंच्या रुंदीकडे, पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात आटते; तंतूंच्या लांबीकडे मात्र जवळजवळ बदलत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दार अडते, घरमालक सुताराला बोलावतो, सुतार रंधा मारतो आणि पुढच्या उन्हाळ्यात फट बोटभर होते. हे तीन पिढ्या चालले की आपल्यासारखी स्थिती येते. म्हणून उभ्या कडांना थोडी मोकळीक राहू द्यावी, ती पट्टीने झाकावी. वरच्या आणि खालच्या कडेला मात्र निर्धास्तपणे घट्ट बंदोबस्त करता येतो. पावसाळ्यात रंधा कधीही मारू देऊ नये.

मुरारची माई

काचांच्या किणकिणण्याबद्दल लिहिते, कारण आमच्या जुन्या घरात दर दोन-तीन वर्षांनी हेच काम निघत असे. काच खाचेत बसवून बाहेरून जी पुट्टी लावलेली असते, ती खडू आणि जवसाचे तेल यांची असते. ती सुकून तडकते, तुकडे गळतात आणि काच सुटी होते. वरून नवी पुट्टी थापून काम भागत नाही. जुनी पुट्टी बोथट छिन्नीने हळू काढावी (हातमोजे घालावेत), खाच साफ करावी आणि आधी जवसाच्या तेलाचा किंवा प्रायमरचा हात द्यावा. हा हात दिला नाही, तर कोरडे लाकूड पुट्टीतले तेल पिऊन टाकते आणि पुट्टी पुन्हा तडकते. काच बसवण्यापूर्वी खाचेत पुट्टीचा पातळ थर द्यावा, त्यावर काच दाबावी, बिनडोक्याचे खिळे ठोकून ती अडकवावी आणि मग बाहेरून तिरकी पुट्टी ओढावी. रंग मात्र पुट्टीवर कातडे धरेपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, लावू नये. आजकाल काही जण थेट सिलिकॉन मारतात. ते धरते, पण त्यावर रंग बसत नाही आणि पुढे काच फुटली तर काढताना नाकी नऊ येतात.

पल्ल्यातली लाकडी फळीही हलून आवाज करू शकते. तिला सरस लावून पक्की करण्याचा मोह आवरावा. ती फळी खाचेत सुटी ठेवलेलीच असते, कारण ऋतूप्रमाणे तिला फुगायला-आटायला जागा लागते. चिकटवली तर ती मधोमध फुटते. एका बाजूने खाचेत जाड सुतळी दाबून बसवली की आवाज जातो आणि फळीही मोकळी राहते.

दाराखालच्या वाऱ्यासाठी आम्ही जुन्या साड्यांची लांब पिशवी शिवून तिच्यात वाळू आणि चिंध्या भरत असू. रात्री दाराशी लोटायची, सकाळी बाजूला करायची. गच्चीच्या दाराला ही पुरे.

थाटीपूर फ्लॅट

माझे घर नवे आहे, तरी हाच त्रास आहे, म्हणून सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीवाल्यांसाठी दोन ओळी जोडतो. मिस्त्रींच्या सल्ल्याने ॲल्युमिनियम बसवले की खडखडाट संपेल, या भ्रमात कोणी राहू नये. पल्ल्यांच्या उभ्या पट्ट्यांत जो केसाळ ब्रश असतो, तो चार-पाच वर्षांत झिजून चपटा होतो आणि मग पल्ले रुळात नाचू लागतात. ब्रश मीटरवर मिळतो. जुना ओढून काढायचा आणि त्याच रुंदीचा नवा सरकवायचा. पल्ल्याच्या खालच्या कडेला चाकाची उंची बदलणारा स्क्रू असेल, तर तो दोन्ही बाजूंना सारखा फिरवून पल्ला सरळ करावा. रुळातली माती आधी ब्रशने काढावी, नाहीतर चाक पुन्हा बिघडते. मात्र रुळाच्या बाहेरच्या भिंतीत जी छोटी भोके असतात, ती सिलिकॉनने बुजवू नयेत. पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर जाते. आमच्या शेजाऱ्यांनी ती बुजवली आणि पहिल्याच पावसात पाणी आत गादीपर्यंत आले.

वर्तमानपत्राचे बोळे कोंबण्याचा उपाय मीही केला होता. एका रात्रीपुरता ठीक आहे. ओल लागली की तो कागद लाकडाला चिकटून बसतो, एवढेच लक्षात असू द्यावे.

दौलतगंजकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओव्हरसियरसाहेब, आपले वय आमच्या वडिलांएवढे असावे असा तर्क आहे, म्हणून काका म्हणतो, राग नसावा. काल रविवारी खडूची परीक्षा केली. दोन खिडक्यांत दोष केवळ कडीच्या भोकाचा निघाला. पत्ती बसवल्यावर पल्ले जागचे हलेनासे झाले. तिसऱ्या खिडकीच्या पल्ल्याला मात्र पीळ आहे: वरचा कोपरा टेकतो, खालचा अंगठाभर बाहेर राहतो. याला काय करावे?

दुसरी एक गोष्ट समजली नाही. काल वारा बिलकुल नव्हता, गच्चीच्या दाराखाली चादर घातली होती, तरीही आईच्या पायांना गार झुळूक लागत होती. अगरबत्ती धरून पाहिली, तर धूर जिन्याच्या दाराखालून खोलीत येत होता आणि वरच्या झरोक्याकडे जात होता.

निवृत्त ओव्हरसियर

काका म्हटल्याने राग येण्याचे वय गेले. उलट कडीचा दोष आपण स्वतः शोधलात, याचा आनंद आहे.

पिळलेला पल्ला सरळ करण्याच्या फंदात पडू नका. पल्ला जसा आहे तसा बंद करून चौकटीवर आतून पातळ सागवानी पट्टी अशी ठोकावी की ती पल्ल्याच्या वाकाबरोबर जाईल. वर चौकटीला टेकलेली, खाली थोडी पुढे आलेली. म्हणजे पल्ल्याला चौकटीसारखे वागायला न लावता चौकटीला पल्ल्यासारखे करायचे. त्या पट्टीवर रबर लावावे. खालच्या कोपऱ्यात एक वेगळी कडी दिली, तर तो कोपरा रात्रीपुरता ओढूनही घेता येईल.

अगरबत्तीने आपल्याला खरे तेच दाखवले. खोलीतली गरम हवा हलकी असते, ती झरोक्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी जिन्यातली गार हवा खालून आत येते. त्यासाठी वाऱ्याची गरजच नसते. आत आणि बाहेर तापमानात फरक असला की पुरे. म्हणून जिन्याच्या दाराखाली पट्टी लावावी. झरोका रात्री अर्धा झाकावा, पूर्ण बंद करू नये.

मुरारची माई

पूर्ण बंद करू नये, हे ओव्हरसियरसाहेबांनी एका वाक्यात लिहिले, मी त्यावर भर देते. आईंच्या खोलीत रात्री अंगीठी किंवा कोळशाची शेगडी ठेवत असाल, तर ती फटी बुजवण्याच्या आधी बाहेर काढा. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला रंग नाही, वास नाही, आणि फटी बुजवलेल्या खोलीत झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. गॅसवर चालणारा गीझर असलेल्या न्हाणीघरालाही हेच लागू आहे. तिथली जाळी कधीही झाकू नये.

आणि मे महिन्यात कूलर लावताना समोरची एक खिडकी उघडी ठेवण्याची आठवण असू द्या. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. तिला निघायला वाट नसली, तर खोली गार होण्याऐवजी दमट होते आणि खसच्या वासाचा फक्त घाम येतो.

दौलतगंजकर

माई, शेगडी होतीच. आज सकाळी ती गच्चीवर नेऊन ठेवली. आईने बरीच कुरकुर केली, पण आता पायांशी गरम पाण्याची पिशवी देतो. झरोक्याला अर्धा पुठ्ठा लावला आहे आणि जिन्याच्या दाराखाली साडीची पिशवी ठेवली आहे. पुट्टीचे काम थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या उन्हात काढतो. पिळलेल्या पल्ल्यासाठी पट्टी कापायला टाकली आहे; सुतार म्हणाला, "बाबूजी, ये तो पुराना तरीका है," आणि मग अर्धा तास त्याच्या वडिलांच्या कामाच्या गोष्टी सांगत बसला.

निवृत्त ओव्हरसियर

पट्टीला खिळे न ठोकता स्क्रू लावायला सांगा. पल्ल्याचा पीळ पावसाळ्यात बदलेल, तेव्हा ती सोडवून पुन्हा जुळवावी लागेल.