नायिकेने पाणी आणलंच पाहिजे का?

चाळीतली_मावशी: भाची दहावीत आहे आणि वह्यांच्या मागच्या पानांवर कादंबरी लिहितेय. मांत्रिकांच्या घरातली मुलगी, फक्त हिलाच मंत्र चालत नाही. आजी म्हणते, कान्हेरीच्या एका पोढीतलं, म्हणजे खडकात कोरलेल्या टाक्यातलं, पाणी आणलंस तरच तू आमची. लेणी शंभराहून जास्त, पोढी कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. बोरिवलीच्या जंगलातली रात्र, मागावर बिबट्या... वाचताना मी दिवा चालू ठेवला होता, खोटं कशाला बोलू! शेवटी ती पाणी आणते आणि घरचे तिला डोक्यावर घेतात. तिथे मला खटकलं. रिकाम्या हाताने आली असती तर दार लावून घेतलं असतं का?

चौथी_सीट: मोहिमेची गोष्ट आहे ना? मग फत्ते नको? ध्रुवबाळ आठवा. सुरुचीने बापाच्या मांडीवर बसू दिलं नाही, पाच वर्षांचं पोर तपाला गेलं, अढळपद घेऊन आलं. मग त्याच सुरुचीने उचलून घेतलं. मिळवलं म्हणून मिळालं.

चाळीतली_मावशी: भागवत नीट वाचा हो. पोर घराबाहेर पडलं तेव्हाच उत्तानपाद रडत बसला होता, नारद त्याची समजूत घालायला आला. अढळपदाचा तेव्हा पत्ताही नव्हता. आणि ते मिळाल्यावर ध्रुव स्वतःच हळहळतो, की मागून मागून हे काय मागितलं!

परळकर: सिद्ध करून होतं काय? एकलव्याने सिद्धच केलं होतं, अंगठा गेला. कर्णाने भर रंगभूमीवर अर्जुनाएवढं करून दाखवलं, तर कृपाचार्यांनी कूळ विचारलं. परीक्षा घेणाऱ्यानेच नापास करायचं ठरवलं असेल तर कितीही पोढ्या उपसा. ती आजी उद्या दुसरं काहीतरी आणायला सांगेल.

चौथी_सीट: म्हणजे धडपडूच नये? हे दहावीतल्या मुलीला सांगताय! अहो, लोकलमध्ये तिघांच्या बाकावरची चौथी सीटसुद्धा कुणी प्रेमाने देत नाही, ‘जरा सरका’ म्हणून टेकावं लागतं. त्या मुलीला स्वतःला तरी कळायला नको, आपल्याला काय जमतं ते?

निद्रानाश: ‘स्वतःला’ हे बरोबर बोललात. अर्सुला ले ग्विनच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ कादंबरीत गेड नावाचा शिकाऊ जादूगार मिरवायच्या नादात एक सावली मोकळी करून बसतो. सगळा समुद्र पालथा घालतो आणि शेवटी तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. जिंकत नाही, हरतही नाही. तिथे कुठल्या आजीची सही लागत नाही.

परळकर: हे पटलं. तरी आजीला कुणीतरी जाब विचारायला हवा.

चाळीतली_मावशी: भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, पाणी आणणार, पण आजीला देणार नाही. जिना चढता चढता स्वतःच पिऊन टाकणार, कारण रात्रभर चालून तिला तहान लागलेली असते.

चौथी_सीट: आँ? मग आजी काय म्हणते?

चाळीतली_मावशी: ते प्रकरण दिवाळीनंतर. सध्या भूमितीची चाचणी आहे.