काखेतल्या गाठी काढलेल्या हाताने वजन उचलावं का?

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर हाताला सूज येईल म्हणून त्या हाताने जन्मात वजन उचलू नये, असं पुष्कळदा सांगतात. हा सल्ला आता जुना झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत हळूहळू वजन वाढवणाऱ्या, आधीच हाताला सूज असलेल्या बायकांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. न वापरलेला हात कमकुवत होतो आणि मग भरलेली बादलीसुद्धा त्याला जास्तीची होते.

पण घाई नको. जखमेतलं पाणी काढणारी नळी निघून जखम भरल्यावर सर्जनची परवानगी घ्या. आधी खांदा मोकळा करायचा: भिंतीकडे तोंड करून बोटं वर चढवत न्या, ताण जाणवेल तिथे थांबा, दुखेपर्यंत नको. रेडिएशन झालं असेल तर हे पुढे कित्येक महिने चालू ठेवा, कारण आखडणं उशिरा सुरू होतं.

मग अर्धा किलोचा डंबेल, १० वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. दोन-तीन खेपा त्रास झाला नाही तरच पुढचं वजन, तेही अगदी थोडं. आठवड्याहून जास्त खंड पडला तर वजन कमी करूनच परत सुरुवात. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. सूज आधीपासून असेल तर मापाची दाब-बाही (हातावर घट्ट बसणारी लवचिक बाही) घालूनच व्यायाम.

बांगडी घट्ट होणं, हात जड वाटणं दिसलं तर वजन थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. लाली, गरमपणा, ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हाडात आजार पसरला असेल तर वरचं काहीही विचारल्याशिवाय करू नका.