कारागृहातला वेल्डिंगचा वर्ग: सुटल्यावर मकरपुऱ्यात काम मिळेल असा कसा आखावा?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. आमची संस्था वडोदऱ्यात बंदीजनांसाठी वेल्डिंगचा वर्ग सुरू करणार आहे. बेत असा: सहा महिने, आठ जणांची बॅच, दोन आर्क मशिनं (रॉडने जोडायची). सुटलेल्या माणसाला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किंवा पोर गावच्या कारखान्यांत खरंच कामावर घ्यावं, यासाठी यात काय बदलू?

शेडवाला
एक आर्क काढून सीओटू मशीन (रॉडऐवजी तार आणि गॅसवर चालणारं) घ्या. आज फॅब्रिकेशनचं, म्हणजे लोखंड कापून-जोडून वस्तू बनवण्याचं, बरंचसं काम त्यावरच चालतं.

दुसरं, आत बहुतेक जाळ्या, बाकं, खाटा बनतात, म्हणजे सगळं टेबलावर आडवं ठेवून. शेडमध्ये (छोट्या कारखान्यात) ट्रायलला उभा जॉब देतात आणि तिथं वितळलेला धातू खाली ओघळतो. सरावाला १० मिमी प्लेट घ्या, दोन्ही कडा ३० अंशांत घासा, मध्ये २ ते ३ मिमी गॅप. रूटला (जोडाच्या तळातल्या पहिल्या थराला) २.५ मिमीची रॉड, ७०-८० अँपियर, भरायला ३.१५ची, शंभरच्या आसपास. खालून वर चढवायचं, दोन्ही कडांवर क्षणभर थांबत. मग पट्टी कापून रूट बाहेरच्या बाजूला येईल अशी वाकवा. रूट उघडला तर पेनिट्रेशन नाही, म्हणजे जोड तळापर्यंत वितळलेला नाही, पुन्हा करा. नुसता वरून सुबक मणी (वेल्डची रेघ) बघून पास करू नका, कृपा करून.

सीओटूला गॅस मिनिटाला १२ ते १५ लिटर. उकाड्यात पंखा जॉबवर सोडला की गॅस उडतो आणि मण्यात भोकं पडतात.

रॉड-प्लेटचा खर्च आधी धरा. असे वर्ग मशिनांअभावी नाही, मालाअभावी बंद पडतात.

वकीलकाकू
सहा महिन्यांची सलग बॅच टिकणार नाही. २०२२च्या आकडेवारीत देशातल्या बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. जामीन झाला की माणूस मधूनच जातो, हाती काहीच नाही. तीन-तीन आठवड्यांचे तुकडे करा: कटिंग-ग्राइंडिंग, आडवा फिलेट (काटकोनातला जोड), उभा जोड. प्रत्येकाचा दाखला वेगळा. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही, तेव्हा लेखी संमती घ्या.

उत्पादनाचं काम करून घेणार असाल तर मजुरी द्यावीच लागेल. सर्वोच्च न्यायालयाचा १९९८चा निकाल गुजरातच्याच प्रकरणातला आहे: सश्रम शिक्षेतल्या कामालाही रास्त मोबदला. खाण्या-कपड्यांचा खर्च त्यातून वळता करता येतो.

रावपुरा_आयटीआय
दाखल्यावर प्रशिक्षण केंद्राचा पत्ता असू द्या, कारागृहाचा नको. तेवढ्या एका ओळीवरून अर्ज बाजूला पडतो.

आधारशी जोडलेला मोबाइल ही मोठी अडचण. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो. मग ओटीपी येत नाही आणि सरकारी कौशल्य योजनेतली नोंदणी अडते. सुटकेआधी महिनाभर घरच्यांना सिमची चौकशी करायला सांगा. बँक खातंही तेव्हाच.

मोठ्या कारखान्यांत गेटपासला पोलीस पडताळणी लागते, म्हणून सुरुवात छोट्या शेडपासून. मालकालाच आत बोलावून ट्रायल घ्यायला लावा, खटला-शिक्षा लपवू नका.

दांडियाबाजारकर
मनापासून आभार. ग्राइंडर आणि हत्यारांना अधिकारी कचरतात, त्यावर काही?

शेडवाला
फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवा. काय गेलंय ते लगेच दिसतं. ग्राइंडरच्या डिस्कवर नंबर लिहून मगच ती हाती द्या, तुटली तर तुकडे परत घेऊनच नवी. तास संपण्याआधी १५ मिनिटं मोजणी, मगच दार उघडायचं.