मदत हवी आहे: शाखांच्या सर्व्हरसाठी बॅश ठेवू की अ‍ॅन्सिबल आणू?

नमस्कार मंडळी,

बेळगावातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या शाखांत एकेक डेबियन लिनक्सचं मशीन आहे. आजवर सगळं बॅशवर, म्हणजे लिनक्सच्या कमांड-स्क्रिप्टवर, चाललंय: फॉर लूप लावायचा, एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरून) प्रत्येक मशीनवर कमांड चालवायची. आता अनेक मशीन एकाच ठिकाणाहून सांभाळणारं अ‍ॅन्सिबल हे साधन आणावं का, असा विचार आहे.

पावसाळ्यात खानापूरची लाइन मध्येच तुटते. स्क्रिप्ट अर्धवट राहते आणि पुन्हा चालवली की होस्ट्स फाइलमध्ये (मशीनची नावं आणि पत्ते यांची यादी) तीच ओळ परत चिकटते. आधी ग्रेप या शोधण्याच्या कमांडने तपासून मग ओळ घालता येते, मान्य. पण अशा तपासण्या वाढत गेल्या की मूळ काम कुठलं तेच दिसेनासं होतं. अ‍ॅन्सिबलच्या लाइनइनफाइल या तयार मॉड्यूलमध्ये हे आयतं मिळतं. ओळ असेल तर ते हात लावत नाही. शिवाय शाखेत वेगळा एजंट (मशीनवर सतत चालणारा मदतनीस प्रोग्राम) नको, एसएसएच आणि पायथन पुरे. हे मला मनापासून पटलंय.

मात्र त्याच्या यामल फाइलींमध्ये अटी आणि लूप लिहायला लागलं की जीव गुदमरतो. बॅकअप तपासून शाखाधिकाऱ्यांना मराठी-कन्नड मेल पाठवणारी आमची पायथन स्क्रिप्ट त्यात कोंबणं मला तरी चुकीचं वाटतं.

इतक्या थोड्या मशीनसाठी स्क्रिप्ट आणि अ‍ॅन्सिबल दोन्ही एकत्र कोणी वापरतं का? कुठलं काम कुणाकडे, हे कसं ठरवता? आणि लाइन तुटणाऱ्या शाखेत अ‍ॅन्सिबल-पुल लावून मशीनलाच गिटवरून (फाइलींच्या आवृत्त्या ठेवणाऱ्या साठ्यातून) प्लेबुक, म्हणजे कामांची यादी, ओढायला लावणं कितपत भरवशाचं? माझ्यानंतर येणाऱ्याला हे सगळं वाचून कळलं पाहिजे, याची मला सर्वांत जास्त काळजी आहे. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.