मदत हवी आहे: भाच्याची शाळा पंथापायी बंद झालीय
नमस्कार मंडळी, आम्ही मालवणकडचे. माझी ताई आणि भावोजी दोनेक वर्षांपासून एका नवीन पंथात गेलेत, नाव मुद्दाम लिहित नाही. जग लवकरच बुडणार, फक्त त्यांचीच माणसं वाचणार असं तिथे शिकवतात. मोठ्यांनी काय मानायचं तो त्यांचा प्रश्न, पण ९ वर्षांच्या भाच्याची शाळा सोडवलीय. चतुर्थीला घरी आला तर मोदक पुढे केल्यावर हात पाठीमागे घेतले आणि हळूच विचारतो, "मामा, तू पण बुडणार काय रे?" पोटात गोळाच आला.

१९७८ ला गयानातल्या जोन्सटाउन या एका पंथाच्या वस्तीत पंथप्रमुखाच्या सांगण्यावरून विषाने ९०० हून जास्त माणसं मेली, त्यात ३०० च्या आसपास मुलं होती, ते वाचल्यापासून झोप नाही, सगळे पंथ तसे नसतात हे कळतं तरी.

६ ते १४ वयाला शिक्षणाचा हक्क आहे, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन पण माहितीय. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावल्यावर उपचार अडवणं गुन्हा आहे, पण पोराच्या मनात भीती भरवणं कशात बसतं? बालकल्याण समितीकडे गेलो तर पोराला आईपासून तोडतील का? ताईशी संबंध तुटला तर त्याला आमचं घरही उरणार नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत मुलांशी नीट बोलणारं कोणी समुपदेशक आहे का? अशा घरात वाढलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, तेव्हा नातेवाईकांनी काय केलेलं बरं वाटलं असतं?