मदत हवी आहे: विंडमियरला आईबाबांचं बुकिंग, पण चहाचं काय?

मुग्धा_के
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, म्हणून भाऊ आणि मी मिळून त्यांना विंडमियरला पाठवतोय. बुकिंग एजंटाकडून केलंय. तो तोंडी म्हणाला होता, "दुपारचा तो ब्रिटिश पद्धतीचा चहा पॅकेजमध्येच आहे मॅडम." आता व्हाउचर आलंय तर त्यात चहाचं नावही नाही, आणि हा बाबा फोन उचलत नाहीये. तिथे कुणी राहिलंय का? चहा भाड्यातच असतो की वेगळे पैसे? शाकाहारी माणसाला त्यात खाण्यासारखं काय मिळतं? उरलेले पैसे परवापर्यंत भरायचेत, प्लीज लवकर सांगा.

यॉर्कशायरचा_पावसाळा
अरे वा! आम्ही लीड्सला असतो, लेक डिस्ट्रिक्टला जाणं होतंच. लंडनहून येणार असतील तर ऑक्सनहोमला गाडी बदलायची, तिथून छोटी गाडी थेट विंडमियरला. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, त्यामुळे तळ्यातली बोटीची फेरी सकाळी उरका. ग्रासमियरला वर्ड्सवर्थचं घर आहे आणि तिथली जिंजरब्रेड अजिबात चुकवू नका. आईबाबांचा व्हिसा झाला का?

मुग्धा_के
कुठला व्हिसा??? दार्जिलिंगचं विंडमियर हो! ऑब्झर्वेटरी हिलवरचं जुनं हॉटेल.

यॉर्कशायरचा_पावसाळा
मग धाग्यात गावाचं नाव लिहायचं की. मी बोटीचं वेळापत्रक शोधायला बसलो होतो.

व्हाउचर_वाचा_आधी
पर्यटनाच्या धंद्यात उमेदवारी केलेला माणूस आहे, म्हणून विचारतो. व्हाउचरवर मील प्लॅन काय लिहिलाय? ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. यातल्या कशातच दुपारचा चहा आपोआप येत नाही. हॉटेल स्वतःच्या दरात तो धरत असेलही, पण एजंटाने कुठला दर घेतलाय ते तुम्हाला कुठे माहीत?

मुग्धा_के
एमएपी.

व्हाउचर_वाचा_आधी
मग लिहून घ्या. फोन नको, मेल. "दोन व्यक्ती, आफ्टरनून टी, प्रत्येक दिवशी, दरात समाविष्ट" असं वाक्य व्हाउचरवर येईपर्यंत उरलेला पैसा सोडू नका. आणि बुकिंग क्रमांक घेऊन थेट हॉटेललाही विचारा. खोली खरंच नावावर आहे की नाही तेही त्यात कळून जाईल.

इतिहासाचा_किडा
छान निवड. १९व्या शतकात चहामळ्यांवरच्या अविवाहित इंग्रज आणि स्कॉटिश साहेबांसाठी हे बोर्डिंग हाउस होतं, १९३९ साली त्याचं हॉटेल झालं. सिक्कीमचे युवराज पाल्देन थोंडुप नामग्याल आणि अमेरिकन तरुणी होप कुक यांची पहिली भेट १९५९ साली इथेच झाली. १९६३ला लग्न, पुढे ते राजे झाले, आणि १९७५ला सिक्कीम भारतात आलं. दार्जिलिंगही मुळात सिक्कीमचंच, १८३५ साली कंपनीने ते घेतलं. आईबाबांना हे सांगून पाठवा, तिथे बसून चहा पिताना मजा येईल.

रांगडा_गडी
म्हणजे साहेब लोकांच्या दिवाणखान्यात बसून काकडीचं सँडविच खायचं आणि त्याचे हजारो रुपये मोजायचे. गुलामीची हौस काही फिटत नाही आपली.

इतिहासाचा_किडा
हॉटेल कित्येक वर्षं एका तिबेटी कुटुंबाकडे आहे. साहेब कधीच गेला, मागे राहिली ती त्याची किटली.

नेरळकरीण
एवढ्या लांब कशाला? माथेरानला न्या. तीच थंडी, तीच छोटी गाडी, तेच जुने बंगले, आणि जेवायला वरणभात.

रांगडा_गडी
तीच थंडी? डिसेंबरात दार्जिलिंगला रात्री पारा चार-पाच अंशांवर असतो ताई.

सिलिगुडीची_सून
माहेर सांगली, सासर सिलिगुडी, त्यामुळे तिथे पाहुण्यांना घेऊन सारखं जावं लागतं. आम्ही राहिलो नाही, नुसते चहाला गेलो होतो, आदल्या दिवशी फोन करून. चारच्या सुमाराला बसवतात. चिनी मातीची किटली, दूध वेगळ्या भांड्यात, स्कोन (छोटे भाजलेले पाव), लोणी-जॅम, पातळ कापलेली सँडविचेस, केक. काकडीचं आणि चीजचं सँडविच शाकाहारीच. पण केकमध्ये अंडं असणार, आणि स्कोनवरही पुष्कळदा अंड्याचा हात फिरवलेला असतो, म्हणून चकाकतात ते. आई अंडं खातात का? वय काय? चालायला कशा आहेत? तुम्ही काहीच लिहिलं नाहीये.

मुग्धा_के
चहाचं विचारलं होतं म्हणून चहाचंच लिहिलं. आई ६६, अंडं अजिबात नाही, त्यात मधल्या दिवशी एकादशी. गुडघे दुखतात. बाबा ७१, सगळं खातात, दमा आहे पण पंप वापरला की ठीक असतात.

सिलिगुडीची_सून
अहो मग हेच आधी सांगायचं ना! दम्याच्या माणसाला त्या हॉटेलात मोठी गोष्ट चहा नाही, खोलीतली शेकोटी आहे. कोळशाची असते. संध्याकाळी पेटवून देतात, बघायला झकास, पण कोळसा धरेपर्यंत धूर नाकात बसतो. बाबांच्या खोलीत ती पेटवू नये आणि विजेचा हीटर द्यावा, असं आत्ताच कळवा. अंथरुणात रबरी गरम पाण्याची पिशवी ठेवतात, तिचा मात्र आईंच्या गुडघ्यांना फायदाच.

व्हाउचर_वाचा_आधी
+१. आणि न्हाणीघराचं विचारा. जुन्या पद्धतीचे पायांवर उभे टब असतात. त्याचा काठ ओलांडून आत पाय टाकायचा म्हणजे दुखऱ्या गुडघ्याची परीक्षाच. साधा शॉवर, धरायला दांडी आणि कमीत कमी पायऱ्यांची खोली, हे तिन्ही एकाच मेलमध्ये मागा. चौरस्त्यावर, म्हणजे हॉटेलजवळच्या गावातल्या मुख्य चौकात, गाडी जात नाही, तेव्हा गाडी नेमकी कुठपर्यंत येते आणि सामानाला माणूस मिळतो का, तेही.

नेरळकरीण
गुडघे दुखतात तर डोंगरावर पाठवताच कशाला? माथेरानच बरं.

रांगडा_गडी
माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जाते का? काकू काय घोड्यावर बसणार?

नेरळकरीण
ई-रिक्षा सुरू झाल्यात. माहिती अद्ययावत ठेवा.

पानवाला_चहावाला
दार्जिलिंगच्या चहात दूध घालणं हा गुन्हा आहे. कपाला चमचाभर पत्ती, उकळी फुटून जरा निवलेलं पाणी, तीन मिनिटं झाकण, बस. कडक होण्यासाठी उकळत ठेवलात तर नुसता तुरटपणा उतरतो. आपला टपरीवरचा सीटीसीचा, म्हणजे यंत्रात चुरून केलेला, दाणा वेगळा, हा अख्ख्या पानाचा चहा वेगळा. आणि मळा बघायचा असेल तर डिसेंबरात पाला खुडणं थांबलेलं असतं, झुडपं विश्रांती घेतात. हॅपी व्हॅलीचा मळा गावाला लागूनच आहे, १८५४चा, पण कारखान्यातली यंत्रं चालू बघायची अपेक्षा ठेवू नका. घरी आणायला ऑटम फ्लश, म्हणजे शरदातल्या खुडणीचा चहा घ्या, मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीच्या फर्स्ट फ्लशपेक्षा स्वस्त आणि आपल्या जिभेला जवळचा.

मुग्धा_के
बाबा आलं घालून उकळलेलाच पितात. त्यांना तीन मिनिटांचं पाणी दिलं तर ते "चहा कधी येणार?" विचारतील.

पानवाला_चहावाला
मग त्यांना का पाठवताय?

सिलिगुडीची_सून
अहो, गरम दूध मागितलं की देतात, कुणी पोलिसांत देत नाही. त्यांना सकाळी चौरस्त्यावर बाकावर बसवा, दूध-साखरेचा चहा घेत कांचनजंगा दिसते का बघत बसतील. माकडटोपी बिनधास्त घालू दे, तिथे निम्मे पर्यटक त्यातच असतात. माकडांपासून मात्र खाऊ लपवा. हॉटेलच्या वर टेकडीच्या माथ्यावर महाकालाचं मंदिर आहे, हिंदू पुजारी आणि बौद्ध भिक्षू शेजारी शेजारी. चढ आहे, आईंनी जमलं तरच जावं.

रेल्वेवेडा
टॉय ट्रेनचं कुणीच बोललं नाही! दार्जिलिंग ते घूम आणि परत, दोनेक तास, मध्ये बतासिया लूपला, म्हणजे रूळ गोल वळसा घेतात तिथे, थांबते. घूम २२५८ मीटरवर आहे. तिकीट आयआरसीटीसीवर आधी काढा. वाफेच्या इंजिनाचंच घ्या, डिझेलमध्ये काय राम आहे?

सिलिगुडीची_सून
दमा वाचलात का वर? खिडकीतून काजळीचे कण डोळ्यात येतात, पांढरा शर्ट संध्याकाळपर्यंत करडा होतो. डिझेलच घ्या.

रेल्वेवेडा
१८८१पासून लोक वाफेवर जातायत.

सिलिगुडीची_सून
पंप खिशात घेऊन नव्हते जात. बागडोगरा विमानतळाहून वर येतानाही दुपारी दोनच्या आत निघा म्हणावं. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, पण घूमजवळ गाड्या तुंबल्या की चार तास कुठेच गेले नाहीत.

मुग्धा_के
एजंटाचा फोन काल लागेना, पण "हॉटेललाच थेट मेल करतेय" असा मेसेज टाकल्यावर दहा मिनिटांत उचलला. सुधारलेलं व्हाउचर आलं, चहाची ओळ आहे. केकच्या जागी बिनअंड्याची बिस्किटं देतील. हीटर आणि शॉवरचं हॉटेलकडून लेखी आलंय, शेकोटी पेटवणार नाहीत. बाबा त्यावरून रुसलेत, त्यांना तीच बघायची होती. पैसे भरते आता. एकादशीचं काय करू तेवढं सांगा, तिथे साबुदाणा मिळेल का?

नेरळकरीण
साबुदाणा नेऊन भिजवणार कशात, त्या चिनी किटलीत? राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याच्या वड्या बांधून द्या. बटाटा आणि दही हॉटेलात मिळेलच, मीठ सैंधव हवं असेल तर पुडी न्या.

यॉर्कशायरचा_पावसाळा
राजगिऱ्याचे लाडू नेरळला कुठले चांगले मिळतात? फेब्रुवारीत येतोय.