संगणक नवा, हात जुनेच : तुमचे अनुभव लिहा

शुद्धलेखनवाली, नाशिक

माझा २०१६ सालचा लॅपटॉप अजून ठणठणीत आहे. बॅटरी टिकत नाही, पण वायर लावून ठेवली की दिवसभर मुद्रितं तपासून देतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची साथ सुटली (कंपनीची फुकटची अपडेट बंद) आणि ११ घालायला गेले, तर 'तुमचा संगणक पात्र नाही'. ४ जीबी रॅम हवी, आहे. ६४ जीबी जागा हवी, आहे. पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा तरी पाहिजे आणि माझा सहाव्या. बाकी सगळे गुण जुळत असताना पिढी बघून स्थळ नाकारलं म्हणायचं! एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, पण घरच्यांनी धोशा लावला आणि नवा घेतला.

पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या हस्तलिखिताची फाइल उघडली. २१२ पानांची होती, २१९ भरली. अनुक्रमणिकेतले आकडे सगळे खोटे. अक्षरंही ओळखीची वाटेनात. दीड दिवस मी समजत होते की फाइल बिघडली. शेवटी कळलं ते असं : ज्या 'मंगल' फॉन्टवर आपण सगळे वाढलो, तो विंडोज १० पासून मुळातच बसवलेला नसतो. मराठी भाषा जोडली की मागाहून उतरतो. मी भाषा जोडायच्या आधी फाइल उघडली होती, त्यामुळे मंगलच्या जागी 'निर्मला' येऊन बसली आणि तिची अक्षरं वेगळ्या रुंदीची. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पुरवणी फॉन्ट मागवले. मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साह अशी सगळी भावंडं आली आणि सात पानं परत गेली.

तुमचं काय काय झालं? विंडोज, लिनक्स, मॅक, काहीही चालेल. 'मला काही त्रास झाला नाही' वाल्यांनीही लिहा, आम्ही सहन करू.

पत्रिकावाला, कोल्हापूर

ताई, तुमची सात पानं सरकली, माझं दुकानच सरकलं असतं. आमचं डीटीपी. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. १९९९ ला सुरू केलं तेव्हा मराठी सॉफ्टवेअरबरोबर एक कुलूप मिळायचं, म्हणजे डोंगल. मशीनच्या मागं प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला ते लावायचं, नाहीतर एक अक्षर उमटत नसे. विंडोज ९८ वरून एक्सपीवर आलो तेव्हा कसंबसं निभावलं. पुढं ६४ बिटी मशीन घेतलं आणि कुलपाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, जुना ३२ बिटी. ऐकेचना. त्यात नव्या मदरबोर्डला पॅरलल पोर्टच नव्हता. यूएसबीचं कन्व्हर्टर आणलं, त्यावर जुना प्रिंटर चालला, कुलूप काही उघडलं नाही.

नवं सॉफ्टवेअर घ्या म्हणतात. घेतलं की! पण पंचवीस वर्षांच्या फाइलींचं काय करू? ते फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीचे, नव्हेत. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी आकार कोंबलेले. फॉन्ट गेला की 'चि. सौ. कां.'च्या जागी डॉलर, कंस आणि टिंबांची भेळ. ते पालटून देणारी कन्व्हर्टर आहेत, बरी आहेत. फक्त जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची आणि रफार अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये हिशोब उलटा. त्या अदलाबदलीत एका पत्रिकेत 'आशीर्वाद'चं 'आर्शीवाद' झालं. नवरीची आत्या मराठीची शिक्षिका. छापून झाल्यावर तिनं पाहिलं आणि भर दुकानात मला विचारलं, "तुमचं शिक्षण किती?" आता तिला कन्व्हर्टर काय समजावू? दोनशे कार्डं माझ्या पदरात.

तेव्हापासून एक्सपीचं एक मशीन तसंच ठेवलंय. त्याला नेट नाही, पेन ड्राइव्ह फक्त माझाच लागतो. एक्सपीची साथ ८ एप्रिल २०१४ ला सुटली, पण आमच्यात दसऱ्याला पहिला झेंडू त्यालाच.

परदेशस्थ लेक, न्यू जर्सी

बाबा ७९ वर्षांचे. निवृत्त झाल्यावर २००४ साली हौसेनं एमएस-सीआयटी केलं, एक्सपीवर. त्या वेळची वही अजून आहे. पहिलीच ओळ : 'डावीकडे खाली कोपऱ्यात हिरवे बटण दाबणे.' विंडोज ७ आली तेव्हा 'हिरवे' खोडून 'गोल' केलं. २०१२ ला विंडोज ८ मधून ते बटणच गायब झालं तेव्हा आम्ही शहाणपणानं लांब राहिलो. या वर्षी भावानं ११ वाला लॅपटॉप दिला आणि आमच्याकडे पहाटे चारला फोन.

"अगं, स्टार्ट गेलं."
"गेलं नाही बाबा, मधे आलंय."
"मधे कुठे? मधे सगळे रेशनच्या रांगेसारखे उभे आहेत."
"त्यातलं पहिलं."
"दाबलं. आता दुसरं काहीतरी उघडलंय आणि ते तिथून हललं."

मला वाटलं बाबा थकलेत. नंतर स्वतः करून पाहिलं तर खरंच हलतं. रांग मधे असते, त्यामुळे एखादा नवा प्रोग्रॅम उघडला की रांग लांबते आणि स्टार्ट डावीकडे ढकललं जातं. वीस वर्षं एका कोपऱ्यात बोट नेणाऱ्या माणसाची यात काय चूक? टास्कबारवर राइट क्लिक करून सेटिंग्ज उघडली, अलाइनमेंट 'लेफ्ट' केली, बाबा शांत.

मग मला अतिउत्साह आला. सगळी विंडोजच मराठीतून करून दिली. दुसऱ्या दिवशी परत फोन. "हे 'जतन करा' काढ. मला 'सेव्ह' कळतं."

राजेहो, नागपूर

मी तं विंडोजच सोडून दिली होती राजेहो. ११ ला नापास झालेल्या त्याच लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकली, पेंग्विनच्या चिन्हाच्या लिनक्सपैकी एक. फुकट, आणि पळते घोड्यासारखी. आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटलो. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळाला, ब्राउझर मिळाला, अजून काय लागते माणसाला?

लागते. आधी प्रिंटर. गल्लीतल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याकडे दिसतो तोच छोटा लेझर. दोन रात्री काळ्या खिडकीत कमांड टाकल्या. कागद आत घ्यायचा, विचार करायचा, कोरा बाहेर टाकायचा.

मग आली २० तारीख. बायको करसल्लागार, जीएसटीच्या ३बी विवरणपत्राची शेवटची तारीख, आणि तिचा लॅपटॉप नेमका दुरुस्तीला. सही डिजिटल, ती यूएसबी टोकनात. माझ्या मिंटला टोकन दिसत होतं, पण पोर्टलवर सही काही उमटेना. संध्याकाळचे सात वाजले. ती एवढंच म्हणाली, "तुमचा पेंग्विन तुमच्यापाशी ठेवा," आणि टोकन घेऊन शेजारच्या गुप्ताजींकडे गेली.

आता एकाच डिस्कवर दोन्ही आहेत. चालू करताना विचारते कोणती पाहिजे. महिन्याच्या २० तारखेला मी विचारत नाही.

सफरचंदी

विंडोजवरून मॅकवर. दोनच गोष्टी. फाइल निवडून एंटर दाबलं की ती उघडत नाही, नाव बदला म्हणते. पहिल्या दिवशी तीन फायलींची नावं बदलून बसलो. आणि लग्नाच्या फोटोंची जुनी हार्ड डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची, मॅकवर ती नुसती वाचता येते, त्यात काही टाकता येत नाही. बाकी छान.

पोळलेला

हे जरा गंभीर आहे. आईच्या नव्या लॅपटॉपचा मदरबोर्ड वॉरंटीत बदलून आणला. घरी सुरू केला तर निळा पडदा : ४८ आकडी रिकव्हरी की द्या. आम्ही एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं कुलूप, कधी चालूच केलं नव्हतं. नंतर कळलं की नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्यानं आत शिरलं की ते आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. मदरबोर्ड बदलला की यंत्राला वाटतं डिस्क चोराच्या हाती लागली.

आता खातं कुणाचं? घेताना दुकानातल्या पोरानं विचारलं, "काकू, ईमेल?" आईला आठवेना. त्यानं तिथल्या तिथे एक नवा बनवला आणि पुढे गेला. पासवर्ड त्यालाच ठाऊक, आणि पोरगा आता गावाला.

डिस्क पुसावी लागली. आईनं आठ वर्षं टाइप केलेल्या पाककृती गेल्या. जुना लॅपटॉप तोवर भंगारात. आई म्हणाली, वहीत आहेत माझ्या. वही पाहिली, प्रत्येक पदार्थापुढे 'अंदाजे'.

आजच्या आज करा : कोणत्या खात्यानं आत गेला आहात ते बघा, त्या खात्यातून ती किल्ली काढा आणि कागदावर छापून कपाटात ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह करू नका, हे सांगावं लागतंय कारण मी तेच केलं असतं.

कशाला रडता

मला काही त्रास झाला नाही. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबा, ती सोय एकदा चालू करा, मग पुढं कॉपी केलेलं यादीत दिसतं. मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटवणारा) कीबोर्ड २०१९ पासून आतच आहे, बाहेरून काही उतरवायला नको. माणसं शिकायला तयार नसतात, इतकंच.

परदेशस्थ लेक, न्यू जर्सी

@कशाला रडता, बाबांचा नंबर पाठवू का? पहाटे चारला मोकळे असता ना?

(बाय द वे, ११ मधे फाइलवर शिफ्ट धरून राइट क्लिक केलं की पर्यायांची जुनी, लांब यादी येते. हे मात्र बाबांनीच मला शिकवलं. वहीत नवी ओळ आहे.)

शुद्धलेखनवाली, नाशिक

पोळलेला, तुमचं वाचून लगेच उठले आणि किल्ली छापली. वाणसामानाच्या यादीच्या मागच्या बाजूला आलीये, पण आलीये.

सांगलीकर

पत्रिकावाले दादा, माझ्याकडे तसलंच कुलूप आहे, मशीन मेलंय. वीस वर्षांची कामं अडकलीत. पॅरलल पोर्टवालं एखादं मशीन जादा आहे का तुमच्याकडं?

पत्रिकावाला, कोल्हापूर

जादा नाही, पण माझ्यावर बसून काम करा की. अधिक ज्येष्ठात या, तेव्हा लग्नं नसतात, मी मोकळा. कुलूप तेवढं घेऊन या. पेन ड्राइव्ह आणू नका.